शेतीतील मोजमाप : गुंठा, हेक्टर, पीपीएम आणि दहाचे घात

काही वर्षांपूर्वी सोयाबीनच्या हंगामात एका शेतकऱ्याचा फोन आला. “साहेब, तणनाशक बाटलीवर लिहिलंय तेवढंच मारलं, तरी सोयाबीन पिवळं पडून खुजं राहिलंय.” शेतावर जाऊन पाहिले. औषध होते इमॅझेथापायर १० टक्के एसएल. त्याची शिफारस हेक्टरी १ लिटर आहे. या शेतकऱ्याने १ लिटरची आख्खी बाटली एका एकरात फवारली होती, म्हणजे मात्रा जवळपास अडीचपट झाली. सोयाबीन काही दिवसांनी सावरले, पण याच तणनाशकाचा अंश जमिनीत टिकतो. त्याच रानात रब्बीत लावलेला कांदा जागोजागी बसलाच नाही. औषध खरे होते, लेबल बरोबर होते, शेतकऱ्याने मेहनतही केली होती. चुकले ते फक्त एकक.

अशा चुका दर हंगामात होतात. कधी हेक्टर आणि एकर यांची गल्लत होते, कधी मिली आणि ग्रॅमची, तर कधी जैविक औषधाच्या पाकिटावरील १० च्या डोक्यावरचा बारीक आकडा वाचायचा राहून जातो. शेतकरी, कृषी सहायक आणि ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात येणारे कृषीचे विद्यार्थी या सर्वांना उपयोगी पडेल असा मोजमापाचा हिशेब या लेखात एकत्र दिला आहे.

मेट्रिक पद्धत थोडक्यात

आपल्याकडे पूर्वी मण, शेर, पायली, खंडी अशी मापे होती आणि ती भागाभागानुसार बदलत असत. १९५६ मध्ये वजने व मापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून देशात टप्प्याटप्प्याने मेट्रिक पद्धत लागू झाली. या पद्धतीची सोय अशी की सर्व मापे दहाच्या पटीत वाढतात किंवा कमी होतात. मूळ एककापुढे लागणारा शब्द ओळखला की हिशेब सोपा होतो.

- किलो म्हणजे १,००० पट. १ किलोग्रॅम = १,००० ग्रॅम.
- हेक्टो म्हणजे १०० पट. १ हेक्टर = १०० आर.
- सेंटी म्हणजे शंभरावा भाग. १ मीटर = १०० सेंटीमीटर.
- मिली म्हणजे हजारावा भाग. १ लिटर = १,००० मिलिलिटर (मिली).
- मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग. १ ग्रॅम = १०,००,००० मायक्रोग्रॅम.

पाण्याच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. १ लिटर पाण्याचे वजन साधारण १ किलो असते आणि १ घनमीटर पाणी म्हणजे १,००० लिटर, वजनाने १ टन. मात्र हा नियम पाण्यापुरताच आहे. १ लिटर औषध म्हणजे १ किलो औषध असे धरू नये. बाजारातील वजनांत १ क्विंटल = १०० किलो आणि १ टन = १० क्विंटल हे सर्वांना माहीत असते, पण रुईच्या व्यवहारात आजही जुनी मापे चालतात. रुईची एक खंडी साधारण ३५६ किलोची आणि एक गाठ १७० किलोची धरतात.

क्षेत्राचे माप : सातबारा नीट वाचा

बोलताना आपण एकर-गुंठ्यात बोलतो. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे लिहिलेले असते.

- १ गुंठा = ३३ फूट × ३३ फूट = १,०८९ चौरस फूट = सुमारे १०१ चौरस मीटर
- १ आर = १० मीटर × १० मीटर = १०० चौरस मीटर
- १ एकर = ४० गुंठे = सुमारे ४,०४७ चौरस मीटर
- १ हेक्टर = १०० आर = १०,००० चौरस मीटर = २.४७ एकर

आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच असल्याने इथे गोंधळ होतो. समजा सातबाऱ्यावर १.२०.०० असे क्षेत्र आहे. याचा अर्थ १ एकर २० गुंठे नव्हे. हे क्षेत्र १ हेक्टर २० आर, म्हणजे १२,००० चौरस मीटर आहे. गुंठ्यात ते सुमारे ११८.६ गुंठे, म्हणजेच २ एकर साडेअडतीस गुंठ्यांच्या आसपास भरते. १ एकर २० गुंठे समजून बियाणे, खत आणले तर ते निम्म्याच क्षेत्राला पुरेल. पीक विमा किंवा ई-पीक पाहणीत क्षेत्र भरतानाही हीच काळजी घ्यावी.

हेक्टरी शिफारस एकरी करण्यासाठी ०.४ ने गुणावे. एकरी मात्रा गुंठ्याला काढण्यासाठी ४० ने भागावे. उदाहरणार्थ, हेक्टरी ५० किलो नत्राची शिफारस असेल तर एकरी २० किलो नत्र लागेल. युरियात ४६ टक्के नत्र असते. २० भागिले ०.४६ केले की ४३.५ किलो युरिया येतो. युरियाची गोणी ४५ किलोची असते, म्हणजे एकराला एका गोणीपेक्षा थोडे कमी. ‘५० किलो नत्र’ आणि ‘५० किलो युरिया’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिफारस वाचताना कायम लक्षात ठेवावे.

विद्यार्थ्यांसाठी एक चांगला सराव : काढणीआधी शेतात प्रातिनिधिक जागी १ मीटर × १ मीटरचा चौकोन आखून त्यातील पीक काढावे, मळणी करून धान्य वाळवून तोलावे. समजा २५० ग्रॅम धान्य आले, तर हेक्टरी २५० × १०,००० = २५,००,००० ग्रॅम, म्हणजे २,५०० किलो किंवा २५ क्विंटल. एकरी साधारण १० क्विंटल. एकाच जागेवर विसंबू नये, किमान चार-पाच ठिकाणची सरासरी घ्यावी. चौकोन आखताना १० सेंटीमीटरची चूक झाली तरी हेक्टरी उत्पादनात क्विंटलचा फरक पडतो, हे हिशेब करून पाहावे.

फवारणीचा हिशेब

लेबलवर तीन आकडे असतात. सक्रिय घटक किती, प्रत्यक्ष औषध किती आणि पाणी किती. हे तिन्ही बहुतेक वेळा प्रति हेक्टर असतात. कपाशीवरील बोंडअळ्यांसाठी इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी या कीटकनाशकाचे उदाहरण घेऊ. त्याची कमाल मात्रा हेक्टरी ११ ग्रॅम सक्रिय घटक, म्हणजे २२० ग्रॅम औषध, आणि पाणी ५०० लिटर अशी आहे. २२० ला ५०० ने भागले की प्रति लिटर ०.४४ ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ६.६ ग्रॅम येते. एकरी औषध होते ८८ ग्रॅम आणि पाणी २०० लिटर.

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहू. पूर्ण वाढलेल्या कपाशीत एखादा शेतकरी एकराला आठच पंप, म्हणजे १२० लिटर पाणी वापरतो. पंपातील प्रमाण बरोबर असूनही एकरी फक्त ५३ ग्रॅम औषध पडते. अळी मरत नाही आणि दोष औषधाला दिला जातो. उलट तणनाशकात एकरी पंप वाढले आणि पंपातील मात्रा तीच ठेवली तर पिकाला इजा होते. म्हणून तणनाशकाचा हिशेब नेहमी क्षेत्रावर करावा आणि कीटकनाशकात पंपाची मात्रा व एकरी मात्रा अशा दोन्ही तपासाव्यात.

आपल्या पंपाने एकराला किती पाणी लागते हे काढण्याची सोपी पद्धत अशी आहे.

- ३३ × ३३ फुटांचा, म्हणजे एक गुंठ्याचा तुकडा आखून घ्यावा.
- पंपात मोजून साधे पाणी भरावे आणि नेहमीच्या चालीने, नेहमीच्या नोझलने फवारावे.
- उरलेले पाणी मोजून किती लागले ते काढावे.
- आलेल्या आकड्याला ४० ने गुणावे.

गुंठ्याला ४.५ लिटर लागले तर एकराला १८० लिटर, म्हणजे १५ लिटरचे १२ पंप. वर सांगितलेले इमॅझेथापायर हेक्टरी १ लिटर, म्हणजे एकरी ४०० मिली. ते १२ पंपांत वाटले तर पंपाला ३३ मिली येते. २० लिटरच्या बॅटरी पंपाला हेच प्रमाण ४४ मिली होईल. शेजाऱ्याचा पंप वेगळा, चाल वेगळी, नोझल वेगळे, म्हणून त्याचा आकडा आपल्याला लागू होत नाही.

झाकणाने औषध मोजण्याची सवय सोडावी. प्रत्येक बाटलीचे झाकण वेगळ्या मापाचे असते. द्रव औषधासाठी मिलीच्या खुणा असलेले माप किंवा सुईविरहित सिरिंज वापरावी. पावडर किंवा दाणेदार औषध ग्रॅममध्ये असते, ते छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावरच तोलावे. १० मिलीचे माप भरून घेतलेली पावडर १० ग्रॅम भरेलच असे नाही. ही साधने फक्त औषधासाठीच ठेवावीत, घरात वापरू नयेत.

टक्के आणि पीपीएम

टक्के म्हणजे शंभरातील भाग आणि पीपीएम म्हणजे दहा लाखांतील भाग. पाण्यातील द्रावणासाठी १ पीपीएम म्हणजे १ लिटर पाण्यात १ मिलिग्रॅम घटक.

- १ टक्का = १०,००० पीपीएम = १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम
- ०.१ टक्का = १,००० पीपीएम = १० लिटर पाण्यात १० ग्रॅम
- १०० पीपीएम = १० लिटर पाण्यात १ ग्रॅम
- १० पीपीएम = १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम

म्हणजे २ टक्के युरियाच्या फवारणीसाठी १० लिटरला २०० ग्रॅम युरिया आणि १ टक्का बोर्डो मिश्रणासाठी १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद व १ किलो चुना लागतो.

संजीवकांच्या बाबतीत चुकीला जागा नसते. द्राक्षात जिबरेलिक ॲसिडचे १० पीपीएम द्रावण करायचे असेल तर १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम शुद्ध जीए हवे. पावडर ९० टक्के शुद्ध असेल तर १ भागिले ०.९, म्हणजे १.११ ग्रॅम तोलावी लागेल. इथे दशांश चिन्ह एक घर सरकले तर १० पीपीएमचे १०० पीपीएम होते आणि त्याचा फटका घडांना बसतो. एनएए ४.५ टक्के या संजीवकाच्या १ मिलीत साधारण ४५ मिलिग्रॅम घटक असतो. तो साडेचार लिटर पाण्यात मिसळला की बरोबर १० पीपीएम होते.

निंबोळीवर आधारित औषधांच्या बाटलीवर ३०० पीपीएम, १,५०० पीपीएम, १०,००० पीपीएम असे लिहिलेले असते. हा ॲझाडिरॅक्टीनचा अंश आहे. टक्क्यांत तो अनुक्रमे ०.०३, ०.१५ आणि १ टक्का होतो. १,५०० पीपीएमच्या औषधासाठी सांगितलेली ‘लिटरला ५ मिली’ ही मात्रा १०,००० पीपीएमच्या बाटलीला लावली तर घटक साडेसहापटीहून जास्त जातो. त्यामुळे ‘निमअर्क लिटरला ५ मिली’ असा सल्ला अपुरा आहे. किती पीपीएमचा, हे विचारूनच मात्रा ठरवावी आणि हातातील बाटलीचे लेबल पाळावे.

दहाचे घात : जैविक औषधाचे पाकीट कसे वाचावे

जिवाणू आणि बुरशीचे बीजाणू मोजताना आकडे इतके मोठे होतात की शून्ये लिहिता लिहिता चूक होते. म्हणून ते दहाच्या घातात लिहितात. १० च्या डोक्यावर बारीक छापलेला आकडा म्हणजे १ वर किती शून्ये हे सांगणारा घात. या लेखात तो १०^८ असा लिहिला आहे. प्रयोगशाळेच्या संगणकीय अहवालात हाच आकडा ‘१ई+०८’ असाही येतो. आपल्या ओळखीच्या संख्या अशा लिहिता येतील.

- १०^३ = हजार
- १०^५ = लाख
- १०^६ = दहा लाख
- १०^७ = कोटी
- १०^८ = दहा कोटी
- १०^९ = शंभर कोटी, म्हणजे अब्ज

२ × १०^६ म्हणजे २० लाख. ट्रायकोडर्मा व्हिरिडी १ टक्का पावडरीच्या पाकिटावर प्रति ग्रॅम २ × १०^६ सीएफयू असे लिहिलेले आढळते. सीएफयू म्हणजे वाढून वसाहत तयार करू शकणारे जिवंत घटक. मेटारायझियम किंवा बिव्हेरियाच्या पाकिटावर १ × १०^८ असते. खत नियंत्रण आदेशानुसार द्रवरूप रायझोबियममध्ये प्रति मिली किमान १ × १०^८ आणि पावडर स्वरूपात प्रति ग्रॅम किमान ५ × १०^७ जिवंत जिवाणू हवेत.

दुकानात एकाच बुरशीची दोन पाकिटे समोर आली, एकावर २ × १०^६ आणि दुसऱ्यावर १ × १०^८, तर पुष्कळदा २ हा आकडा १ पेक्षा मोठा म्हणून पहिले घेतले जाते. प्रत्यक्षात दुसऱ्यात प्रति ग्रॅम ५० पट जास्त बीजाणू आहेत. घात एकाने वाढला की संख्या दहापट होते, म्हणून आधी घात पाहावा, मग पुढचा आकडा. अर्थात संख्या हीच एकमेव कसोटी नाही. उत्पादनाची तारीख, वापराची अंतिम तारीख आणि पाकीट उन्हात ठेवले होते का, हेही तितकेच महत्त्वाचे. उन्हात तापलेल्या पाकिटावरचा १०^८ हा आकडा फक्त छापील राहतो.

घातांचा गुणाकार करताना घातांची बेरीज करावी लागते. १ किलो म्हणजे १०^३ ग्रॅम. म्हणून २ × १०^६ क्षमतेच्या १ किलो ट्रायकोडर्मात २ × १०^९, म्हणजे दोनशे कोटी सीएफयू असतात. बीजप्रक्रियेत किलोला ५ ग्रॅम वापरले तर ५ × २ × १०^६ = १०^७, म्हणजे एक कोटी सीएफयू एक किलो बियाण्यावर जातात. सोयाबीनच्या १०० दाण्यांचे वजन १२ ग्रॅम धरले तर किलोत सुमारे ८,३०० दाणे बसतात. म्हणजे प्रत्येक दाण्याच्या वाट्याला साधारण १,२०० सीएफयू येतात. निम्मी पावडर पोत्याच्या तळाशी राहिली तर हा वाटाही निम्मा होतो. बीजप्रक्रिया हलक्या हाताने पण सर्व दाण्यांना सारखे आवरण बसेल अशी का करावी, ते या हिशेबातून समजते.

लहान संख्यांसाठी घात उणे होतो. १०^-३ म्हणजे हजारावा भाग आणि १०^-६ म्हणजे दहा लाखावा भाग, म्हणजेच आपला पीपीएम. जमिनीचा सामू हाही घातच आहे. सामू ७ म्हणजे हायड्रोजन आयनांचे प्रमाण लिटरला १०^-७ मोल. त्यामुळे सामू ७.५ वरून ८.५ झाला तर तो ‘एकाने वाढला’ एवढाच अर्थ नसतो, हायड्रोजन आयन दहापटीने कमी झालेले असतात. अशा जमिनीत लोह, जस्ताची उपलब्धता झपाट्याने घटते ती यामुळेच.

माती आणि पाणी तपासणी अहवाल

एक प्रयोगशाळा अन्नद्रव्ये पीपीएममध्ये देते, दुसरी किलो प्रति हेक्टरमध्ये. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटीमीटर थरातील मातीचे वजन सुमारे २.२४ × १०^६ किलो धरतात. म्हणून पीपीएमला २.२४ ने गुणले की किलो प्रति हेक्टर मिळते. समजा स्फुरद ८ पीपीएम आहे, तर ते हेक्टरी सुमारे १८ किलो झाले. हा आकडा मूलद्रव्य स्वरूपातील आहे. खताच्या गोणीवरील स्फुरद मात्र ऑक्साइड स्वरूपात असते. त्यासाठी २.२९ ने गुणावे, म्हणजे सुमारे ४१ किलो येते. पालाशसाठी हाच गुणक १.२ आहे. दोन अहवालांची तुलना करण्याआधी दोन्हींचे एकक व स्वरूप जुळवून घ्यावे.

पाण्याच्या क्षारतेचेही तसेच. अहवालात विद्युत वाहकता १,२०० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटर लिहिली असेल तर ती १.२ डेसीसीमेन्स प्रति मीटर होते, कारण १ डेसीसीमेन्स प्रति मीटर म्हणजे १,००० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटर. सिंचनाच्या पाण्याच्या प्रचलित वर्गवारीत ०.७५ ते २.२५ डेसीसीमेन्सचे पाणी जास्त क्षारतेचे मानतात. एकूण क्षार पीपीएममध्ये हवे असतील तर डेसीसीमेन्सच्या आकड्याला साधारण ६४० ने गुणावे.

पाऊस, सिंचन आणि धरण

१ मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर १ लिटर पाणी. हेक्टरवर ते १०,००० लिटर आणि एकरावर सुमारे ४,०४७ लिटर होते. २५ मिमी पाऊस पडला की एकरावर सुमारे एक लाख लिटर पाणी पडते. यातले किती मुरले आणि किती वाहून गेले, हे उतार, जमीन आणि बांधबंदिस्ती ठरवते.

धरणाच्या बातम्यांत टीएमसी आणि दलघमी ही एकके येतात. १ टीएमसी म्हणजे १०^९ घनफूट, मेट्रिकमध्ये २८.३२ दशलक्ष घनमीटर. कोयना धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे साधारण २.९७ × १०^९ घनमीटर. नदीत १ क्युसेक विसर्ग म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर पाणी.

हिशेब करण्यापूर्वी हे तपासा

- मात्रा ‘प्रति’ काय आहे : हेक्टर, एकर, पंप, लिटर की किलो बियाणे?
- आकडा सक्रिय घटकाचा आहे की प्रत्यक्ष औषधाचा?
- मिली आहे की ग्रॅम?
- दशांश चिन्ह कुठे आहे? ०.५ लिहिताना आधीचे शून्य गाळू नये. ‘.५’ चे घाईत ५ होते.
- जैविक उत्पादनावर घात किती आणि अंतिम तारीख कोणती?
- आलेले उत्तर अनुभवाशी जुळते का? पंपाला ३३ मिली येणारे औषध ३३० मिली आले तर हिशेब पुन्हा करावा.

कृषी सहायकांनी आणि विक्रेत्यांनी सल्ला देताना आकड्यासोबत एकक लिहून द्यावे. फोनवर ‘चाळीस टाका’ असे सांगितलेले शेतकरी आपल्या परीने समजून घेतो, चाळीस मिली, चाळीस ग्रॅम किंवा चार झाकणे. शेतकऱ्यांनी आपल्या प्रत्येक शेताचे क्षेत्र गुंठ्यात आणि आरमध्ये, तसेच आपल्या पंपाने एकराला लागणारे पाणी, एकदाच मोजून फवारणीच्या खोलीतील भिंतीवर खडूने लिहून ठेवावे. घरात शाळेत जाणारे मूल असेल तर बाटली आणताच हा हिशेब त्याच्याकडून करून घ्यावा. शाळेतले गणित त्याला शेतात दिसेल आणि दोघांचे उत्तर जुळले तरच पंपात औषध टाकावे.